जुन्या एअर रायफलवर काय काय चढवलं : सोलापुरातलं वर्षभराचं खरेदीखातं

माझ्या रायफलसोबत आज जे सामान आहे त्यातली सर्वांत कामाची वस्तू नवी पेठेतल्या एका चष्म्याच्या दुकानात मिळाली. महागातल्या महाग वस्तूंपैकी एकीने मात्र माझा एकही गुण वाढवला नाही, ती नियमापायी घ्यावी लागली. हे आधीच सांगून टाकते. जुनी रायफल घेतल्यावर 'आता पुढे काय घेऊ' म्हणून मी विचारत फिरत होते, तेव्हा वस्तूंची यादी प्रत्येकाने दिली. कोणती आधी, कोणती नंतर आणि कोणती कधीच नको, हे मात्र फारसं कुणी सांगितलं नाही. पुण्या-मुंबईत दुकानात जाऊन वस्तू हातात धरून बघता येते. आपल्याकडे फोटो बघायचा, पैसे पाठवायचे आणि कुरियरवाल्याच्या फोनची वाट बघायची.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघते. वय चव्वेचाळीस. मुलीला सुट्टीतल्या नेमबाजी शिबिराला सोडायला म्हणून रेंजवर जात होते. ती लवकरच कंटाळली, मी राहिले. ऑगस्ट २०२४ मध्ये स्वप्नील कुसाळेला पॅरिसमध्ये ब्राँझ मिळालं तेव्हा ऑफिसात जो तो विचारायला लागला, "मॅडम, तुमचं पण तेच का ओ?" तेच नाही. त्याचा प्रकार ५० मीटर थ्री पोझिशन्स. त्यात पॉइंट टू टूची काडतुसाची रायफल असते आणि तिला शस्त्रपरवाना लागतो. माझा प्रकार १० मीटर एअर रायफल. दाबलेल्या हवेवर ४.५ मिलिमीटरचा शिशाचा पेलेट, म्हणजे छर्रा, सुटतो. उभं राहून पाऊण तासावर आणखी अर्धा तास, म्हणजे ७५ मिनिटांत, ६० शॉट मारायचे. दहाचं वर्तुळ अर्ध्या मिलिमीटरचं, म्हणजे टाचणीने टोचावं एवढा ठिपका.

परवान्याबद्दल नेहमी विचारलं जातं म्हणून इथेच लिहिते. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ४.५ मिमीपर्यंतच्या नळीची आणि २० जूलपेक्षा कमी ताकदीची एअर रायफल परवान्याशिवाय घेता येते. मॅच रायफलची ताकद साधारण साडेसात जूल असते, त्यामुळे ती यात आरामात बसते. तरी पक्कं बिल, ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा यांच्या प्रती रायफलच्या पेटीत कायमच्या ठेवून द्या. पुढे प्रवासात उपयोगी पडतात.

रायफल मी नोव्हेंबर २०२४ मध्ये घेतली. सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला गेले आणि संध्याकाळच्या हुतात्मानेच परत आले. नोकरीसाठी बंगळुरूला निघालेल्या एका मुलीची ती वॉल्थर एलजी ४०० होती. १,१५,००० ला ठरली. नवी घ्यायची तर याच्या दुपटीच्या पुढे जावं लागलं असतं, ते आमच्या घरात बसणारं नव्हतं. मूळ बिलाची प्रत घेतली आणि विक्रीचा लेखी कागद केला. शंभराचा स्टॅम्प पेपर महिनाभरापूर्वीच बंद झाला होता, त्यामुळे पाचशेचा लागला. नोटरीचे वेगळे. माझे नेमबाजीचे सर बरोबर नव्हते, पण त्यांनी फोनवर बजावलं होतं : "ताई, रायफल नंतर बघा, आधी सिलिंडरवरची तारीख वाचा." हवेच्या सिलिंडरवर बनवल्याचा महिना आणि वर्ष कोरलेलं असतं आणि कंपनीने दिलेली मुदत दहा वर्षांची असते. या सिलिंडरवर जून २०१५ होतं. म्हणजे सात-आठ महिन्यांत नवा सिलिंडर आला. तो आकडा पुढे करून मी किमतीतून पाच हजार कमी करून घेतले. तुम्ही जुनी रायफल घेत असाल तर घासाघीस करायला याच्याइतका चांगला मुद्दा दुसरा नाही.

सरांनी दुसरी एक अट घातली होती, ती मला सुरुवातीला जाचक वाटली. कोणतीही वस्तू विकत घ्यायच्या आधी ती उसनी आणायची किंवा तिचं काहीतरी तात्पुरतं रूप करून बघायचं. एका वेळी एकच बदल. बदलाच्या आधीचे आणि नंतरचे कागदी टार्गेट तारीख घालून जपून ठेवायचे. माझं कामच हिशेबाचं, त्यामुळे मी सरळ एक वही घातली. डावीकडे खर्च, उजवीकडे गुण.

वहीतली पहिली पानं शून्य रुपयांची आहेत. रायफलला आधीच असलेल्या गोष्टी माझ्या मापाला आणण्यात डिसेंबर गेला. बट प्लेट, म्हणजे खांद्याला टेकतो तो भाग, वर-खाली आणि पुढे-मागे होतो, तिरकाही करता येतो. गालाखालचा चीक पीस उंच करता येतो. आधीची मुलगी माझ्यापेक्षा बरीच बुटकी होती. तिच्या मापावर मी मान वाकवून पीपमध्ये, म्हणजे मागच्या साइटच्या बारीक भोकात, डोळा घालत होते आणि तिसाव्या शॉटनंतर मानेत कळ यायची. सर म्हणायचे, "रायफल डोळ्यापाशी आली पाहिजे, डोकं रायफलपाशी नाही." एका संध्याकाळी एकच स्क्रू, तोही थोडासाच. ॲलन कीचा चांगला सेट हार्डवेअरच्या दुकानातून साडेतीनशेला आणला, तेवढाच खर्च. प्रत्येक बदलानंतर पट्टी लावून मोबाईलवर फोटो काढायचे आणि जागा पक्की झाली की पांढऱ्या पेंट मार्करने बारीक रेघ मारायची. पेटीत घालताना काही सरकलं तर ती रेघ दाखवून देते.

याच काळात दोन दुकानदारांनी मला 'थ्रीडी' बट प्लेट सुचवली. दिसायला देखणी, किंमत पंचवीस हजारांच्या घरात. रेंजवरच्या एका मुलाकडून ती आठवडाभरासाठी मागून घेतली. जुन्या प्लेटची सगळी मापं वापरून झाल्यानंतर तिच्यात माझ्यासाठी नवं काहीच उरलं नव्हतं. परत केली. ज्याचा खांदा वेगळ्या घडणीचा आहे किंवा जो साठ शॉटमध्ये ६२० च्या वर खेळतोय (एका शॉटला दहाच्या वर दशांश गुणही मिळतात) त्याला ती लागेलही. मी तेव्हा ५६० च्या आसपास होते.

चीक पीस पूर्ण वर नेऊनही मान थोडी झुकतच होती, कारण माझी मान लांब आहे. त्याला उपाय म्हणजे नेम धरायच्या पुढच्या-मागच्या दोन्ही साइट्सच्या खाली बसणारे, त्यांची उंची वाढवणारे रेझर ब्लॉक. सरांकडचे जुने लावून बघितले, पहिल्याच दिवशी फरक जाणवला, मग स्वतःचे मागवले. ४,५०० रुपये. हे पैसे सार्थकी लागले. पुढच्या आणि मागच्या साइटची उंची सारखीच वाढवायची असते, नाहीतर झीरो करताना (नेम आणि पेलेट एका जागी आणताना) डायॉप्टरचे, म्हणजे मागच्या साइटचे, क्लिक संपतात.

बूट, जॅकेट आणि पँट यांना लोक ॲक्सेसरी म्हणत नाहीत, पण माझ्या मते नवख्याचा पहिला मोठा खर्च इथेच व्हावा. पावणेपाच-पाच किलोची रायफल डाव्या हातावर तोलून उभं राहताना पाठीचा कणा मागे आणि बाजूला वाकतो. जाड कॅनव्हासचं जॅकेट त्याला आधार देतं. चाळिशीनंतर हा खेळ सुरू करणाऱ्याने इतर काही घेतलं नाही तरी चालेल, जॅकेटशिवाय मात्र रोज सराव करू नये. भारतात शिवून मिळतं. मापाचा फॉर्म दोन पानी होता. जुळे सोलापुरातल्या आमच्या टेलरकाकांनी तो वाचून आधी हसून घेतलं, मग छातीपासून मनगटापर्यंत सगळी मापं चोख घेतली. जॅकेट आणि पँट मिळून २४,०००, बूट ९,५००, हातमोजा २,२००. जॅकेटला सात आठवड्यांची वाट सांगितली होती, संक्रांत उलटून गेल्यावर आलं. तोवर गड्ड्याची जत्रा सुरू झाली होती आणि मी फुगे फोडायच्या स्टॉलवर मुलीसमोर चार फुगे चुकवून आले. त्या बंदुकीची नळीच वाकडी असते, असं मी तिला सांगितलं. तिला पटलं नाही.

कपड्यांना नियम कडक आहेत. जॅकेटची जाडी एका पदराला २.५ मिमीच्या वर चालत नाही आणि कडकपणाही यंत्राने मोजतात. बुटाचा तळ १० मिमीपेक्षा जाड नको आणि तो वाकायला हवा. म्हणून जुनं जॅकेट घेताना किंवा स्वस्तातलं शिवताना 'आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) मापात आहे ना' हे बिलावरच लिहून घ्या. सोलापूरच्या उन्हात हे सगळं अंगावर चढवणं म्हणजे शिक्षा. मार्चपासून मी सराव पहाटे साडेपाचला हलवला. आत सुती पातळ बनियन घालते आणि जवळ आमच्याच कारखान्यातला एक नॅपकिन ठेवते. घामाने भिजलेलं जॅकेट घडी घालून ठेवू नका, रुंद हँगरला लावून सावलीत वाळवा. कॅनव्हास एकदा मऊ पडला की त्याचा आधार गेला.

आता चष्मा. याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण चाळिशी ओलांडलेल्या नेमबाजाला याची गरज पडतेच आणि दुकानदार हे सांगत नाहीत. त्यांच्याकडे विकायला ती वस्तूच नसते. पीप साइटमधून बघताना मागचं भोक, पुढची रिंग आणि टार्गेटचा काळा गोल, तिन्ही एका रेषेत आणायचे असतात. त्यातली पुढची रिंग तीक्ष्ण दिसली पाहिजे. गोल थोडा धूसर असला तरी चालतो. ही रिंग डोळ्यापासून तीन फुटांच्या आतबाहेर असते. लांबचा चष्मा लावला की माझी रिंग पुसट व्हायची आणि वाचायचा लावला की गोल विरघळून जायचा. प्रोग्रेसिव्ह चष्म्यातून तर डोकं जरा हललं की नंबर बदलतो. सरांनी मला बाजारातली भिंगाची ॲक्सेसरी घेऊ दिली नाही, कारण रायफलवर भिंग किंवा दुर्बीण चढवायला मनाई आहे. नेमबाजाने स्वतः चष्मा लावायला हरकत नाही.

रायफल घेऊन चष्म्याच्या दुकानात जाणं बरं दिसलं नसतं. आमच्या कारखान्यात कापड मोजायची लोखंडी गजपट्टी असते. तिच्यावर माझ्या पुढच्या रिंगच्या अंतरावर एक वॉशर चिकटवला आणि फेब्रुवारीतल्या एका दुपारी गर्दी नसताना तपासनीसाकडे गेले. समोरच्या भिंतीवर काळा गोल कागद लावला, पट्टी गालाशी धरली आणि त्यांनी चाचणीच्या फ्रेममध्ये एकेक भिंग घालून बघायला सुरुवात केली. माझ्या लांबच्या नंबरात अर्धा प्लस वाढवल्यावर वॉशरची कड कोरल्यासारखी उभी राहिली आणि गोलही ओळखण्याइतका राहिला. पाऊण प्लसला वॉशर आणखी छान दिसत होता, पण गोल गेला. म्हणून अर्ध्यावर थांबलो. उजव्या डोळ्यापुरती एकच काच, १,२०० रुपये. एक गोष्ट त्यांनीच लक्षात आणून दिली. मी पट्टीला गाल लावला की नाकाच्या बाजूने, काचेच्या कोपऱ्यातून बघत होते. काच डोळ्याच्या अगदी समोर, नजरेला काटकोनात आली पाहिजे. शूटिंगची खास फ्रेम यासाठीच असते, भिंग हवं तसं फिरवता येतं. ती दिल्लीहून ६,८०० ला मागवली, तीन आठवडे लागले. डाव्या डोळ्यासमोर पांढरं प्लास्टिकचं ब्लाइंडर. डोळा मिटून घेण्यापेक्षा उघडा ठेवून झाकलेला बरा, चेहऱ्यावर ताण येत नाही.

वहीत त्या महिन्याच्या उजव्या बाजूला सर्वांत मोठी उडी आहे. दर शॉटची सरासरी ९.३ वरून ९.६ च्या पुढे गेली.

साइट्समध्ये आणखी दोन वस्तू विचारात होत्या. पुढची रिंग लहान-मोठी करता येणारी ॲडजस्टेबल फ्रंट आयरिस नऊ हजारांची. तिच्याऐवजी पारदर्शक प्लास्टिकच्या रिंगांचा साधा सेट घेतला, सातशे रुपये, त्यात ३.६ पासून ४.४ पर्यंतची मापं. सुरुवातीला सगळ्यांनाच गोलाला घट्ट बसणारी लहान रिंग आवडते, कारण ती अचूक वाटते. पण घट्ट रिंगमध्ये गोल जरा हलला तरी डोळा घाबरतो आणि बोट ट्रिगरवर अडून बसतं. मी ३.८ वरून ४.२ वर गेले, गोलाभोवती पांढरा पट्टा छान मोकळा दिसायला लागला आणि शॉट वेळेवर सुटायला लागले. एकदा माप ठरलं की महाग आयरिसचं काम संपतं. मागच्या साइटची आयरिस मात्र मी घेतली, ८,५०० ला. आमच्या हॉलमध्ये उजेड पिवळट आणि कमी, स्पर्धेच्या ठिकाणी लख्ख पांढरा. मागचं भोक थोडं उघडता-मिटता आलं तर दोन्हीकडे चित्र सारखं ठेवता येतं. त्यातच रंगीत फिल्टरवाली आणखी महाग येते. रंगीत फिल्टर मी उसने घेऊन बघितले, मला फरक पडला नाही.

पेलेट्सबद्दल रेंजवर जितकी चर्चा चालते तितकी कशाचीच नाही. पाचशेचा डबा येतो. सरावाचे सात-आठशेला, मॅचचे दीड-दोन हजारांपर्यंत. डोक्याचं माप ४.४९, ४.५०, ४.५१ असं शतांश मिलिमीटरने बदलतं आणि प्रत्येक नळीला वेगळं माप मानवतं, अगदी त्याच मॉडेलच्या दुसऱ्या रायफलला वेगळं. एप्रिलच्या एका रविवारी रेंज रिकामी होती. आम्ही रायफल टेबलावर वाळूच्या पिशव्यांवर बसवली, रेंजवरच्या पाच जणांकडून प्रत्येकी थोडे पेलेट मागून आणले आणि दहा-दहा शॉटचे ग्रुप, म्हणजे भोकांचे पुंजके, काढले. चांगल्या डब्याचा ग्रुप बाहेरच्या कडांपासून मोजला तर सहा मिमीच्या आसपास आला, वाईटाचा साडेआठ.

इथे हिशेब मांडून बघा. पेलेट ४.५ मिमीचा आणि दहाचा ठिपका अर्ध्या मिमीचा. ठिपक्याला पेलेटची कड लागली की दहा. म्हणजे पेलेटचा मध्य ठिपक्याच्या मध्यापासून अडीच मिमीच्या आत हवा. साडेआठचा ग्रुप याचा अर्थ पेलेटचे मध्य चार मिमीत पसरलेले. नेमबाज अगदी अचूक असेल तर वाईट डब्यानेही तो दहाच्या कडेकडेने निभावतो, फक्त दशांश जातात. उभ्याने माझे मध्य तेव्हा वीस मिमीत पसरत होते. त्यात वाईट डब्याचे जास्तीचे अडीच मिमी बुडून जातात. म्हणून मी सरावाला स्वस्त आणि मॅचला मधल्या किमतीचा एकच डबा ठेवला. मात्र स्वस्त म्हणजे कोणताही नाही, एकाच बॅचचे चार डबे एकदम घेतले. डब्यावरचा बॅच नंबर टिपून ठेवा, संपत आले की तोच मागता येतो.

त्याहून स्वस्त सराव म्हणजे पेलेटशिवायचा. या रायफलला ड्राय फायरची सोय आहे. खटका दाबल्यावर ट्रिगर खऱ्यासारखाच वाजतो, पण हवा सुटत नाही. घरी हॉलमधून स्वयंपाकघराच्या भिंतीवर छोटा काळा ठिपका लावला आहे. रात्री जेवणं झाल्यावर वीस मिनिटं. आमचे हे पहिल्यांदा दचकले, आता मधून पाण्याची बाटली घेऊन वाकून जातात. रायफल रिकामी आहे, हे दर वेळी बघून मगच उचलायची आणि त्या दिशेला माणूस असताना ती खाली ठेवायची, हा नियम त्यांनाही पाठ झाला आहे. ते वाकून जातात तेव्हा मी ती स्टँडवरच ठेवते.

स्टँडचं सांगते. दोन शॉटच्या मध्ये रायफल टेकवायला तिपाई लागते. तयार घेतली तर बारा-पंधरा हजार. मी वाद्यांच्या दुकानातून जाडजूड बुडाचा माईक स्टँड घेतला, १,८०० ला. आमच्या एमआयडीसीतल्या वेल्डरकडून वर इंग्रजी व्हीसारखा खोबणीचा तुकडा बसवून घेतला आणि त्याला रबर चिकटवलं. तो म्हणाला, "काय ठेवायचंय ओ ताई यावर?" सांगितल्यावर त्याने मजुरी घेतलीच नाही, मी बळेच दोनशे ठेवले. स्टँडचा कोणताही भाग उभ्या नेमबाजाच्या खांद्यापेक्षा उंच नको, एवढं माप वेल्डरला आधीच द्या.

वजनांचं असंच. रायफल पुढून हलकी वाटत होती, नेम धरून उभं राहिलं की नळी नाचायची. नळीवरची तयार वजनं दोन-अडीच हजारांपासून पुढे. टायरच्या दुकानात चाकं बॅलन्स करायला चिकटपट्टीची पाच-दहा ग्रॅमची वजनं वापरतात. होटगी रोडवरच्या एका दुकानातून मूठभर आणली, नळीला आधी कागदी टेप लावून त्यावर चिकटवली आणि पन्नास, शंभर, दीडशे करत बघितलं. दीडशेला रायफल दगडासारखी स्थिर, पण चाळिसाव्या शॉटनंतर खांदा उतरायचा. शंभरावर ठरलं, मग पन्नासाची दोन खरी वजनं घेतली. एकूण रायफल ५.५ किलोच्या आत हवी, माझी ४.९ वर आली. त्या काळात नळी लांब दिसावी म्हणून पुढे जोडायची ट्यूबही मला दाखवली गेली. एअर रायफलच्या यंत्रणेच्या मागच्या टोकापासून नळीच्या दिसणाऱ्या टोकापर्यंतची लांबी ८५० मिमीच्या वर चालत नाही आणि भोकं पाडलेली नळी किंवा नळीच्या तोंडावर बसवायचा मझल ब्रेक तर नाहीच. बायपॉड, टेलिस्कोप, लेझर, स्पिरिट लेव्हल, तळहाताखालचा पाम रेस्ट, यातलं काहीही १० मीटरच्या स्पर्धेत चालत नाही. ही सगळी 'एअर गन ॲक्सेसरीज' म्हणून एकाच पानावर विकायला असतात, नवा माणूस तिथे फसतो. इलेक्ट्रॉनिक ट्रिगरही मी सोडून दिला. आहे तोच ट्रिगर सरांनी पहिल्या आणि दुसऱ्या टप्प्यात नीट जुळवून दिला.

जूनमध्ये सिलिंडर. त्याची मुदत सांभाळणं ही नेमबाजाची स्वतःची जबाबदारी असते आणि स्पर्धेत तपासणीवेळी तारीख बघितली जाऊ शकते. मूळ कंपनीचा नवा सिलिंडर २२,००० ला, माल परदेशातून येणार म्हणून दीड महिना. मी मेच्या सुरुवातीला अर्धे पैसे भरले होते, जूनच्या तिसऱ्या आठवड्यात आला. त्याच्यावरची तारीख मी दुकानदाराकडून पैसे भरायच्या आधी व्हॉट्सॲपवर फोटो मागवून बघितली होती. दोन वर्षं गोदामात पडलेला सिलिंडर घेतला तर आपली दोन वर्षं गेलीच. कुणी 'जुन्यावर दुसरं लेबल लावून देतो' म्हणालं तर तिथून उठून या. २०० बारचा दाब आहे.

भरायची ती कोरडी, स्वच्छ हवा. हँड पंप चौदा हजारांना मिळतो, पण १०० बारच्या पुढे घाम काढतो, शिवाय पावसाळ्यात हवेतली ओल आत जाते. मी रेंजच्या मोठ्या टाकीवरून भरते, एका वेळचे पन्नास रुपये, त्यात दोनशेच्या आसपास शॉट होतात. हळू भरा. घाईत भरला तर सिलिंडर तापतो, काटा २०० दाखवतो आणि गार झाल्यावर १८५ वर येतो. एकाने मला सहज सुचवलं होतं की वैद्यकीय ऑक्सिजनवाल्याकडून भरून घ्या, जवळ पडेल. हे कधीही करू नका. दाबाखालचा ऑक्सिजन आणि व्हॉल्व्हवरचा तेलाचा जरासा अंश एकत्र आला तरी स्फोट होऊ शकतो. त्याच कारणाने सिलिंडरच्या आट्यांना साधं ऑइल-ग्रीस लावायचं नाही. आणि मे महिन्यात गाडीच्या डिकीत सिलिंडर ठेवून बाजारात जायचं नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबईत खुली स्पर्धा होती. नाव क्लबमार्फत गेलं. क्लबचं पत्र, आधार, बिलाच्या प्रती आणि प्रवेशाची पावती अशी फाइल केली. सिद्धेश्वर एक्स्प्रेसला निघताना स्टेशनवर पेटीबद्दल विचारणा झाली, कागद बघितल्यावर लगेच सोडलं. पेटीत रायफल वेगळी आणि सिलिंडर काढून वेगळा ठेवला होता. तपासणीच्या रांगेत दोन तास गेले. रायफल वजनकाट्यावर, जॅकेट जाडीच्या आणि कडकपणाच्या यंत्राखाली, बूट वाकवून, चष्म्याच्या ब्लाइंडरचं मापही. माझ्या पुढच्या मुलाला सेफ्टी लाइन अपुरी म्हणून परत पाठवलं. एअर रायफलमध्ये ही रंगीत दोरी नळीच्या दोन्ही टोकांतून बाहेर दिसावी लागते. शेतीच्या दुकानात गवत कापायच्या यंत्राची नारिंगी नायलॉन दोरी मीटरवर मिळते, पंधरा-वीस रुपयांत काम होतं. माझ्याकडे जास्तीची होती, त्याला तुकडा कापून दिला.

गुण ५८९.४ आले. मधल्या वीस शॉटमध्ये सरासरी टिकवून धरली असती तर आणखी वर जाता आलं असतं, पण तो भाग सामानाचा नाही, सरावाचा आहे.

वहीत आता एकच वस्तू प्रलंबित आहे. स्कॅट नावाचं यंत्र नळीला लावलं की शॉटच्या आधी नळी कुठे कुठे फिरली त्याची रेघ संगणकावर उमटते. लाखाच्या पुढे किंमत. पुण्यातल्या एका प्रशिक्षकाकडे ते तासाने वापरायला मिळतं, आठशे रुपये. दिवाळीनंतर दोन तास घेणार आहे. आधी उसनं, मग बघू. इथले आम्ही चौघं मिळून एक घेता येईल का, यावर रेंजवर बोलणं सुरू आहे. सोलापूर, पंढरपूर, बार्शीकडचं कुणी यात येणार असेल तर कळवा, पाचवा भागीदार मिळाला तर हप्ता परवडेल.